ड्रॉइंग हरवलेले खेळ

भोसरीच्या किंवा चाकणच्या एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये थोडा वेळ उभे राहिलात, तर एक संवाद हमखास कानावर पडतो. 'ड्रॉइंग आहे का?' 'नाही, सॅम्पल आहे.' जुन्या यंत्रातला झिजलेला गिअर कोणीतरी फडक्यात गुंडाळून आणलेला असतो. यंत्र बनवणारी परदेशी कंपनी केव्हाच बंद झालेली असते. मग कारागीर व्हर्निअर घेऊन बसतो, दाते मोजतो, झीज किती झाली असेल याचा अदमास घेतो आणि त्या सॅम्पलवरून नवे ड्रॉइंग तयार करतो. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात ही विद्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कोणी विद्या म्हणत नाही. जुने संगणकीय खेळ आजच्या संगणकावर चालवण्याची जी खटपट जगभर चालली आहे, ती मला या कामाची सख्खी बहीण वाटते.

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासमध्ये डॉस शिकताना सरांची नजर चुकवून ज्यांनी 'प्रिन्स' किंवा 'डेव्ह' खेळला, ते आज पन्नाशीच्या आसपास आहेत. तो खेळ मुलांना दाखवावा म्हणून त्यांनी जुनी फाइल नव्या संगणकावर उघडली, तर ती चालत नाही. कारण साधे आहे. ते खेळ १६ बिटांच्या काळातले. २०२१ साली आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिटांची आहे आणि तिला ती जुनी भाषा कळत नाही. शिवाय काही खेळांनी आपला वेग थेट संगणकाच्या वेगावर बेतला होता. त्यासाठीच तर तेव्हाच्या डब्यांवर 'टर्बो' नावाचे बटण असे. ते दाबून संगणक मुद्दाम मंद करता येई!

यावर एक सोपा उपाय आहे. नव्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाचे सोंग उभे करायचे. २००२ पासून उपलब्ध असलेला डॉसबॉक्स हेच करतो. माझ्या घरी प्रिन्स त्याच्यावर उड्या मारतो आणि माझी तक्रार नाही. पण सोंग ते सोंग. खेळ आत कुलूपबंदच राहतो. त्यातली चूक दुरुस्त करायची, पडदा रुंद करायचा, अक्षरे मराठीत आणायची, तर मूळ ड्रॉइंगच हवे. संगणकाच्या जगात या ड्रॉइंगला सोर्स कोड म्हणतात. ते हाती आले, की खेळ नव्या यंत्राच्या भाषेत नव्याने घडवता येतो आणि मग तो कोणत्याही सोंगाविना चालतो.

हे ड्रॉइंग काही थोड्यांनी आपण होऊन दिले. १९९३ सालच्या 'डूम'चा सोर्स कोड त्याच्या निर्मात्यांनी १९९७ च्या डिसेंबरात सर्वांना खुला केला. तेव्हापासून तो खेळ कुठे चालत नाही, हेच शोधावे लागते. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची कथा निराळी. जॉर्डन मेकनर या तरुणाने धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. १९८९ साली अॅपल-२ संगणकासाठी खेळ आला. पुढे त्याचा सोर्स कोड कुठे गेला, हे खुद्द मेकनरलाच सापडेना. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या मिळाल्या. जाणकारांच्या मदतीने त्या वाचल्या गेल्या आणि मेकनरने तो मजकूर सर्वांसाठी ठेवला. वडिलांनी दिवाळीच्या साफसफाईत खोके रद्दीवाल्याला दिले असते तर?

अर्थात तो मजकूर अॅपल-२ साठीचा होता. आपण खेळलो ती डॉसची आवृत्ती. तिच्यासाठी हौशी तंत्रज्ञांनी भोसरीचाच मार्ग धरला. चालता खेळ हे सॅम्पल मानून एकेक सूचना उलगडली, नवे ड्रॉइंग बनवले. तो प्रिन्स आज विंडोजवर आणि लिनक्सवर थेट चालतो. ख्रिस सॉयरच्या १९९४ सालच्या 'ट्रान्सपोर्ट टायकून'वरून २००४ साली 'ओपन टीटीडी' उभा राहिला, तोही असाच.

इथे कायद्याचा काटा रुततो. 'व्हाइस सिटी' आपल्याकडच्या एका पिढीचा लाडका खेळ. हौशी मंडळींनी तो असाच उलगडून नव्याने घडवला, तेव्हा २०२१ साली टेक-टू कंपनीने त्यांच्यावर दावा गुदरला. कंपनीचा हक्क मी नाकारत नाही. खेळ तिचा आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यातही रीतसर प्रत बाळगणाऱ्याला बचावासाठी जादा प्रत करण्याची मुभा आहे, पण ती वाटण्याची नाही. आणि खरे बोलायचे तर आपल्यापैकी कितीजणांकडे रीतसर प्रत होती? प्रिन्समध्ये पहिल्या टप्प्यानंतर बाटल्यांवर अक्षरे येत आणि योग्य अक्षर खेळाच्या पुस्तिकेत पाहावे लागे. पुस्तिका कोणाजवळच नसे. आम्ही अंदाजाने बाटली प्यायचो आणि जीव गमवायचो.

मात्र हक्क बाळगणाऱ्याने वस्तू जपलीही पाहिजे, एवढी अपेक्षा गैर नव्हे. १९५४ च्या कायद्याने भारतात पुस्तक छापणाऱ्याला त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवावी लागते. चित्रपटांसाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय निघाले; तोवर फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'चा बराच भाग हरवला होता. संगणकीय खेळांना आणि प्रोग्रामना असे घर नाही. प्रश्न केवळ खेळांचा असता तर एक वेळ सोडून दिला असता. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेल्या मराठी स्मरणिका, कथा, पत्रिका आज उघडल्या तर पडद्यावर अगम्य चिन्हे उमटतात. त्याही कोणीतरी अक्षराशी अक्षर ताडून वाचनीय कराव्या लागतात.

माझी सूचना एवढीच, की प्रोग्राम विक्रीला काढताना त्याचा सोर्स कोड मोहोरबंद करून सरकारी ग्रंथालयात ठेवावा आणि कंपनीने विक्री व देखभाल दोन्ही थांबवली की ठरावीक वर्षांनी मोहोर फोडावी. कंपन्या कुरकुरतील. तोवर माळ्यावरच्या फ्लॉप्यांचे काय करायचे ते आपल्या हाती आहे. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह आजही मिळतो, पण फ्लॉपीवरचा चुंबकीय थर दरवर्षी थोडा थोडा विरतो आहे.