घरच्या फोनचं भाडं आणि बुडालेला शेअर

एमटीएनएलचे शेअर नव्वदच्या दशकात घेऊन ठेवलेली माणसं मुंबईत अजून भेटतात. विषय निघाला की त्यांची एक तक्रार हटकून येते: सरकारने घरगुती फोन जवळजवळ फुकट वाटले, भाडं वेळेवर वाढवलं नाही, म्हणून कंपनी बुडाली. मला हे निदान मुळीच पटत नाही.

भाडं खर्चाच्या मानाने कमी होतं, हे खरं. तांब्याची तार, रस्त्याखालची केबल, एक्स्चेंजमधली यंत्रणा यांचा खर्च तुम्ही फोन करा किंवा करू नका, चालूच राहतो. तो भाड्यातून निघत नसे, एसटीडी आणि आयएसडीच्या चढ्या दरांतून भरून निघे. रात्री अकरानंतर दर उतरले की पीसीओबाहेर रांगा लागत. त्या रांगांत गावाकडची खुशाली विचारायला आलेले कितीतरी कामगार असत. ज्यांच्या स्वतःच्या खोलीत फोन नव्हता, तेच दादर-पार्ल्यातल्या दिवाणखान्यातल्या फोनचा भार उचलत होते. ही व्यवस्था अन्यायाचीच होती.

१९९९ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने ती मोडायला घेतली: भाडं वाढवा, लांबच्या कॉलचे दर उतरवा. दर पुढे खाजगी स्पर्धेमुळेही उतरत गेले. १ मार्च २००६ पासून ‘वन इंडिया’ योजनेत देशात कुठेही एका रुपयात मिनिटभर बोलता येऊ लागलं. ज्या कमाईवर घरगुती भाडं तगून होतं, ती आटली. तोवर मोबाइल हातोहाती पोचला होता. अशा वेळी भाडं वाढवलं असतं तर लोकांनी जोडणीच परत केली असती, आणि त्याच केबलचा खर्च उरलेल्या थोड्या ग्राहकांवर पडला असता. भाडेवाढ मागणारे गुंतवणूकदार हे गणित मांडतच नाहीत.

कंपनीच्या कर्जाचं मूळ शोधायचं तर २०१० कडे बघावं लागतं. दिल्ली आणि मुंबईच्या थ्रीजी लहरींसाठी एमटीएनएलला ६,५६४ कोटी रुपये मोजावे लागले. लिलावात खाजगी कंपन्यांनी चढवलेली किंमतच तिच्या माथी मारली गेली. बोली लावायची की मागे हटायचं, हे खाजगी कंपन्यांना ठरवता येत होतं. एमटीएनएलला ती मुभा नव्हती. पैसे घेणारं सरकार आणि कंपनीत ५६.२५ टक्के हिस्सा असलेला मालक, एकच! ही रक्कम भरायला काढलेलं कर्ज आणि त्यावरचं व्याज वाढतच गेलं. २०२४ मध्ये बँकांचे हप्ते थकले.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला परवडणारा फोन मिळावा, असं मला आजही मनापासून वाटतं. त्याचा बोजा सरकारने अंदाजपत्रकात उघडपणे उचलायला हवा होता. आता कंपनीच्या जमिनी आणि इमारतींतून पैसा उभा करायचं चाललंय. सर्वसाधारण सभेत हात वर करायचाच असेल, तर छोट्या भागधारकांनी घरगुती भाड्याचा विषय सोडावा आणि त्या ६,५६४ कोटींचा हिशेब मागावा.