कोळशावरचं छोटं इंजिन आणि आपलं "हात लावू नकोस!"



झुकझुक गाडी आपण पहिलीपासून शिकवतो. पण ही झुकझुक नेमकी कशाची, हे एकदा वर्गात विचारून बघा. चाकांची? नाही. सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ धुराड्यातून झटक्यानं बाहेर पडते, त्याचा तो आवाज. दोन सिलिंडरच्या साध्या इंजिनात चाकाच्या एका फेरीत असे चार झटके बसतात. वाफ बाहेर जाताना भट्टीतून हवा ओढून घेते. म्हणजे इंजिन जितकं जास्त ओढतं, तितका जाळ आपोआप वाढतो. किती सुंदर रचना आहे ना!

ब्रिटनमध्ये हे सगळं खऱ्या कोळशावर, छोट्या इंजिनात करणारी हौशी मंडळी आहेत. त्यांच्या रुळांमधलं अंतर साडेतीन किंवा पाच इंच, पण इंजिन मागच्या गाड्यांवर बसलेल्या मोठ्या माणसांनाही ओढतं. या छंदाचं 'मॉडेल इंजिनिअर' हे मासिक १८९८ साली सुरू झालं. इतक्या छोट्या इंजिनात कोळसा नीट चालेल का, यावर १९२०च्या दशकात मोठा वाद झाला होता. 'एलबीएससी' या टोपणनावानं लिहिणाऱ्या कारागिरानं अडीच इंची रुळांवरचं कोळशाचं इंजिन चालवून, त्यामागे माणूस बसवून उत्तर दिलं. आधी करून दाखवलं, मग बोलला.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती म्हणजे लक्ष. बटण दाबलं की खेळणं पळतं, तसं इथे नाही. आधी विस्तव पेटवायचा, वाफ धरेपर्यंत थांबायचं. मग पाणी, जाळ आणि दाब, तिन्हींवर सतत नजर. काचेच्या नळीत पाण्याची पातळी दिसते. ती फार खाली गेली तर भट्टीचा माथा उघडा पडून बॉयलर खराब होतो, धोकाही होतो. म्हणून नवा बॉयलर नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाबाला, पाणी भरून तपासतात. सुरक्षा झडप असतेच.

म्हणजे तिथे सुरक्षितता ही आगीपासून लांब पळून येत नाही, नियम शिकून येते. आणि आपण? "हात लावू नकोस, भाजेल," "राहू दे, तुला जमणार नाही." मूल सुरक्षित राहतं खरं, पण काळजी घ्यायला कधी शिकणार?

शाळेत बॉयलर आणा असं मी मुळीच म्हणत नाही. ते जाणकारांचंच काम. पण घरोघरी कुकर आहे की! थंड, रिकामा कुकर वर्गात आणा. शिट्टी कशासाठी, झाकणावरची दुसरी छोटी झडप कशासाठी, पाणी कमी पडलं तर काय होईल, हे मुलांनाच शोधू द्या. घरी पालकांनी आपल्या देखरेखीखाली एखादं खरं काम मुलाकडे सोपवावं: शिट्ट्या मोजणं, टाकीतलं पाणी बघणं, कुंड्यांना पाणी घालणं. ज्यात दुर्लक्ष झालं तर फरक पडतो, असं काम.

'वाफेत शक्ती असते' हे वाक्य पाठ करून गुण मिळतील. पण ती शक्ती सांभाळायची कशी, हे हातानं केल्याशिवाय येत नाही. या आठवड्यात तुमच्या मुलाला असं कोणतं काम द्याल?