पंढरपूर हे बेट नव्हे

थॉमस मोर यांच्या ‘युटोपिया’त (१५१६) एक मार्मिक तपशील आहे. ते आदर्श राष्ट्र मुळात बेट नव्हतेच. युटोपस राजाने त्याला मुख्य भूमीशी जोडणारी पंधरा मैलांची पट्टी खणून काढली, तेव्हा ते बेट झाले. मराठी समीक्षेने पंढरपूरचे नेमके हेच केले आहे. संतांचे भूवैकुंठाचे रूपक आपण असे काही उचलून धरले, की त्या गावाभोवती खंदकच पडला. आत काळ नाही, ऋतू नाही, दुष्काळ तर नाहीच नाही.

वास्तविक हे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसले आहे. येथला मुख्य पाऊस सप्टेंबरचा. त्याच्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरायची. म्हणजे आषाढीला लाखो वारकरी जेथे पोहोचतात, तेथे भरवशाचा पाऊस बहुधा अजून दूरच असतो. चंद्रभागा म्हणजे भीमा; ती भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते. त्यामुळे माथ्यावर आभाळ कोरडे असतानाही पात्रातले पुंडलिकाचे मंदिर पाण्याखाली जाऊ शकते. पाऊस एकीकडे आणि पूर दुसरीकडे, हा येथला नित्याचा अनुभव आहे.

याचा काव्याशी संबंध काय, असे विचारले जाईल. मेघाची वाट पाहणारा चातक हा संस्कृत काव्यातला जुना संकेत आहे, हे मान्य. परंतु पर्जन्यछायेतल्या श्रोत्याच्या कानी तो पडतो, तेव्हा तो केवळ संकेत राहत नाही. वानगीदाखल दामाजीपंतांची कथा घ्या. जवळच्याच मंगळवेढ्यात, दुष्काळात, त्यांनी सरकारी कोठारे रयतेला खुली केली आणि विठ्ठलाने महाराच्या रूपात जाऊन त्या धान्याचे मोल चुकते केले, अशी परंपरा आहे. आपण ती चमत्कारकथा म्हणून शिकवतो. खरे तर कोठारातल्या धान्यावर पहिला हक्क कोणाचा, राजाचा की भुकेल्याचा, हा तिचा प्रश्न आहे. दुष्काळ वगळला की देव तेवढा उरतो. प्रश्न नाहीसा होतो.

भूगोलाने भक्तीचे अवमूल्यन होते, ही भीती निराधार आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्री विठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या लोकदैवतात शोधले, त्याने विठ्ठल लहान झाला नाही. दुर्दैवाने आपण तो ग्रंथ दैवताच्या उगमापुरता उद्धृत करतो. पशुपालकांचा देव म्हटला की चराईची माळराने, पाणवठे आणि ऋतुमानाप्रमाणे होणारी भटकंती ओघानेच येते. पण अभंगाचा अर्थ लावताना ती कोणाला आठवत नाही.

आज तर हा खंदक अधिकच हास्यास्पद झाला आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणातून वारीच्या स्नानासाठी नदीत पाणी सोडावे लागते. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत घाटालगतची भिंत कोसळून माणसे दगावली. ज्या वाळवंटाला आपण समतेचे प्रतीक म्हणतो, त्याचे पाणी आता धरणाच्या दरवाजांवर अवलंबून आहे, आणि आपल्या प्रश्नपत्रिका मात्र ‘पंढरीमाहात्म्य विशद करा’ यापुढे जात नाहीत.

मोर यांचे बेट कल्पित होते आणि ते कल्पित आहे हे त्यांना ठाऊक होते. आपण मात्र एक खरेखुरे, तहानलेले गाव कल्पित करून टाकले. संत तेथे चालत गेले होते. त्यांच्या वाचकाने निदान ती जमीन तरी ओळखावी.