ऑस्करचे भाकीत आणि मराठी चित्रपट: एका हंगामी खेळाचा इतिहास

१/ सप्टेंबर उजाडला की वाशी-नेरूळच्या कॉलेजकट्ट्यांवर भाकितांचा हंगाम सुरू होतो. भारताकडून ऑस्करला कोणता चित्रपट जाणार? त्याला नामांकन मिळणार का? हे अंदाज बहुधा ‘चित्रपट किती चांगला’ या एकाच निकषावर बांधले जातात. इतिहासाचा कौल मात्र वेगळा आहे. नामांकन गुणवत्तेइतकेच, चित्रपट कोणत्या वाटेने मतदारांपर्यंत पोहोचतो यावर ठरते.

२/ आरंभ एका आख्यायिकेने करावा लागतो. १९५७ चा ‘मदर इंडिया’ ही या विभागातील भारताची पहिली प्रवेशिका. तिला नामांकन मिळाले आणि पुरस्कार फेलिनीच्या ‘नाइट्स ऑफ काबिरिया’ला गेला. ‘अवघ्या एका मताने हुकले’ हे वाक्य तेव्हापासून सांगितले जाते. परंतु अकादमी मतांचे आकडे जाहीरच करत नाही. मग ते एक मत मोजले कोणी?

३/ १९५६ पासून हा विभाग नियमित स्पर्धेचा झाला आणि त्याची घडी बसली ती ‘एक देश, एक चित्रपट’ या नियमावर. भारतात ही निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती करते. म्हणजे परदेशी मतदाराच्या आवडीचा प्रश्न येण्याआधीच देशातील मूठभर परीक्षकांच्या पसंतीची चाळणी लागते. भाकीत करणारे नेमकी हीच पायरी विसरतात.

४/ भारताच्या वाट्याला आजवर तीनच नामांकने आली: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे!’ (१९८८) आणि ‘लगान’ (२००१). ‘सलाम बॉम्बे!’ने आधी कान महोत्सवात कॅमेरा दॉर जिंकला होता. ‘लगान’च्या मागे अमेरिकी वितरक उभा होता, आमिर खान व आशुतोष गोवारीकर प्रचारासाठी लॉस एंजेलिसमध्ये तळ ठोकून होते. चित्रपट उत्तम होतेच. पण ते पाहिले जातील याची तजवीजही झाली होती.

५/ मराठीतून भारताची अधिकृत प्रवेशिका ठरलेले चित्रपटही तीन: संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४), परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१५). नामांकन एकालाही नाही.

६/ ‘श्वास’ची कथा विशेष बोलकी आहे. ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले ते या चित्रपटामुळे. अमेरिकेतील प्रचाराचा खर्च निर्मात्यांना पेलणारा नव्हता. तेव्हा शाळकरी मुलांपासून नामवंतांपर्यंत अनेकांनी वर्गणी दिली. नातवाची दृष्टी जाण्यापूर्वी त्याला जग दाखवू पाहणाऱ्या आजोबांची ती गोष्ट लोकांनी आपली मानली होती.

७/ येथे रास्त आक्षेप निघतो: वाट मोकळी असली की नामांकन मिळतेच का? नाही. ‘कोर्ट’ने २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात ओरिझोंती विभागाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळवला, सुवर्णकमळ मिळवले, तो अमेरिकेतही प्रदर्शित झाला; तरीही तो लघुयादीपर्यंत पोहोचला नाही. वाट शक्यता वाढवते, हमी देत नाही.

८/ उलट उदाहरण २०२४ चे. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ने कान महोत्सवात ग्राँ प्री जिंकला. मल्याळम, हिंदी आणि मराठी बोलणारा हा मुंबईचा चित्रपट. पण भारताची प्रवेशिका ठरला ‘लापता लेडीज’. पुढे त्याला लघुयादीतही स्थान मिळाले नाही. कानमधील यश पाहून भाकीत करणारे पहिल्याच चाळणीपाशी चुकले.

९/ म्हणून भाकीत करूच नये काय? अवश्य करावे, पण इतिहासाच्या शिस्तीने. निवड कोण करते, चित्रपट आधी कोठे गाजला, परदेशी वितरक आहे का, प्रचाराला पैसा आहे का, हे प्रश्न आधी विचारावेत. आणि तीन चित्रपटांच्या अपयशावरून ‘मराठीला नामांकन मिळतच नाही’ असा सिद्धान्त मांडू नये. तीन उदाहरणांचा नियम होत नसतो.

१०/ प्रश्न केवळ अंदाज चुकण्याचा नाही. नामांकन हुकले की ‘आपला चित्रपट कमी पडला’ असा निवाडा होतो, आणि तोच स्मरणात राहतो. २००४ मध्ये वर्गणी देणाऱ्या मुलांनी पैज लावली नव्हती. आपल्या भाषेतील एक गोष्ट दूरवर पाहिली जावी एवढीच त्यांची इच्छा होती. पुढचे भाकीत लिहिणाऱ्याने त्याआधी या तिन्ही चित्रपटांपैकी निदान एक तरी पाहिलेला असावा.