दाढ काढण्यापूर्वीचा प्रश्न

वर्षातून एकदा सलाइनमधून हाडांचे औषध घेणारी साठी उलटलेली बाई दाढ दुखते म्हणून दंतवैद्याकडे जाते. ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नावर ती रक्तदाबाची आणि थायरॉइडची गोळी सांगते. झोलेड्रोनिक ॲसिड सांगत नाही. ते तिच्या लेखी चालू नसतेच, दहा महिन्यांपूर्वी होऊन गेलेली गोष्ट असते. हाडांच्या लेखी मात्र ते चालूच असते.

ॲलेन्ड्रोनेट, रायसेड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड ही बिसफॉस्फोनेट गटातील औषधे हाडातील कॅल्शियमयुक्त खनिजाला चिकटतात आणि तेथे वर्षानुवर्षे राहतात. जुने हाड कुरतडणाऱ्या पेशींना ती आवर घालतात, म्हणून ठिसूळ हाडांची झीज कमी होते. पण हाड दुरुस्त व्हायचे तर ही कुरतडही लागतेच. जबड्यात तिची गरज जास्त, कारण चावण्याच्या ताणामुळे तिथले हाड सतत नवे होत असते. त्यात हिरडीचे आवरण पातळ आणि तोंडात जंतूंचा कायमचा मुक्काम. दाढ काढल्यावर पडलेला खड्डा कधी कधी भरतच नाही, हाड उघडे पडते आणि मरते. आठ आठवड्यांनंतरही असे हाड उघडे दिसले आणि जबड्याला पूर्वी किरणोपचार झालेले नसले, तर औषधामुळे झालेली ही विकृती आहे असे निदान केले जाते.

मायामीतील शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी 2003 मध्ये अशा 36 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा वैद्यकविश्व दचकले. जबडा सडण्याचा हा प्रकार तसा जुना. आगकाड्यांच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेत काम करणाऱ्यांचे जबडे एकोणिसाव्या शतकात असेच सडत. त्या फॉस्फरसवर 1906 च्या बर्न कराराने बंदी आणली, भारतात त्यासाठी 1913 मध्ये कायदा झाला.

मार्क्स यांचे बहुतेक रुग्ण कर्करोगाचे होते, ही गोष्ट पुढच्या गदारोळात मागे पडली. हाडांत पसरलेल्या कर्करोगासाठी झोलेड्रोनिक ॲसिड तीन-चार आठवड्यांनी दिले जात असे, ठिसूळ हाडांसाठी ते वर्षातून एकदा देतात. वर्षाची मात्रा दहा-बारा पटींनी कमी. अमेरिकेतील मुखशल्यचिकित्सकांच्या संघटनेने 2022 मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, ठिसूळ हाडांसाठी ही औषधे घेणाऱ्या दहा हजार रुग्णांत साधारण दोन ते पाच जणांना हा त्रास होतो. दुसरीकडे, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत झोलेड्रोनिक ॲसिडने तीन वर्षांत खुब्याचे अस्थिभंग 41 टक्क्यांनी आणि मणक्यांचे 70 टक्क्यांनी कमी केले होते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचातला एक वर्षभरात दगावतो.

तरीही भीती जिंकली. अमेरिकेत 2008 ते 2012 या काळात या गटातील गोळ्यांचा वापर निम्म्याहून अधिक घटला. जबडा वाचवण्याच्या नादात खुबा पणाला लावणे हा हिशेब कुठल्याच अंगाने जमत नाही. आपल्याकडे अडचण बहुधा उलटी. औषध अस्थिरोगतज्ज्ञ लिहितो, दाढ दंतवैद्य काढतो आणि दोघांची गाठ फक्त रुग्णाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या कागदांत पडते. एकच औषध डझनावारी नावांनी विकले जाते, त्यामुळे वेष्टन दाखवूनही काही उलगडत नाही.

ही गाठ घालून देणे महाग नाही. औषध सुरू करण्याआधी दात तपासून घ्यावेत, जे काढायचेच आहेत ते काढून हिरडी भरू द्यावी. मात्र हाड नुकतेच मोडलेले असेल तर दातांसाठी औषध फार लांबवू नये. इंजेक्शन दिल्यावर कार्डावर औषधाचे मूळ नाव आणि तारीख लिहून द्यावी. दंतवैद्याने केसपेपरवर ‘चालू औषधे’ या रकान्याखाली एक प्रश्न वाढवावा : हाडांसाठी कधी गोळ्या किंवा इंजेक्शन घेतले आहे का, आणि किती वर्षे? उत्तर ‘हो’ आले म्हणून दाढ काढताच येत नाही असे नाही. रूट कॅनालने दात वाचत असेल तर ते आधी पाहावे. काढावाच लागला तर जखम भरेपर्यंत रुग्णाला पुन्हा पुन्हा बोलवावे.

रुग्णांनी परस्पर औषध बंद करू नये. बिसफॉस्फोनेटची गोळी आठवडाभर थांबवून हाडातले औषध निघून जात नाही. डेनोसुमॅब या सहामाही इंजेक्शनने जबड्याला असाच धोका असतो, पण त्याची गोष्ट वेगळी आहे. ते हाडात साठून राहत नाही आणि मात्रा चुकली की झीज उसळी घेते, एकापाठोपाठ एक मणके मोडल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे दाढ काढायचीच असेल तर ती शेवटच्या मात्रेनंतर साधारण तीन-चार महिन्यांनी काढतात, म्हणजे पुढची मात्रा येईपर्यंत जखम भरायला वेळ मिळतो. ती तारीख दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायची असते.