ट्रकचा इंजिनिअर, काड्यांचा मास्तर

बालमित्रांनो, दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न, "पुढे काय, मेडिकल की इंजिनिअरिंग?" आज अशा एका इंजिनिअरची ओळख करून घेऊ या, ज्यांनी चांगली नोकरी सोडून आगपेटीतल्या काड्या हातात घेतल्या. त्यांचं नाव अरविंद गुप्ता.

गुप्ताजी मूळचे उत्तर प्रदेशातल्या बरेलीचे. १९७५ साली कानपूरच्या आयआयटीतून ते इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले आणि पुण्याला टेल्कोच्या ट्रक कारखान्यात लागले. १९७८ साली त्यांनी वर्षभराची रजा घेतली नि थेट होशंगाबाद जिल्हा गाठला. आपल्याला तो काही परका नाही बरं का! नागपूरहून भोपाळकडे जाणारी गाडी काटोल, आमला, बैतुल करत इटारसीला पोहोचते. त्याच्या पुढेच हे नर्मदाकाठचं गाव, आजचं नर्मदापुरम.

तिथे १९७२ पासून १६ शाळांमध्ये एक वेगळाच उपक्रम सुरू झाला होता. विज्ञान पाठ करायचं नाही, स्वतः करून पाहायचं! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्लीचे प्राध्यापक खेड्यात येऊन शिक्षकांबरोबर काम करत. पण खेड्यातल्या शाळेत महागडं सामान कुठून आणणार?

इथे गुप्ताजींमधला इंजिनिअर कामाला आला. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी सगळ्यांनीच पाहिलेली असते. त्यांना तिच्यात 'सांधा' दिसला. तुम्हीही करून पाहा. काड्यांचे गुल खरवडून टाका. नळीचा दीड सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि दोन्ही टोकांनी एकेक काडी आत सरकवा. झाला सांधा! आता तीन काड्यांचा त्रिकोण आणि चार काड्यांचा चौकोन बनवा. दोन्ही हलकेच दाबा. चौकोन लगेच तिरपा होतो, त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. का बरं? तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचे कोनही ठरून जातात. चौकोनाचे कोन मात्र बाजू तेवढ्याच ठेवूनही बदलता येतात.

आता कोराडीच्या बाजूला गेलात, तर विजेच्या तारा पेलणाऱ्या उंच मनोऱ्यांकडे नीट बघा. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोणच त्रिकोण! वादळातही मनोरा उभा राहतो, त्यामागे तुमच्या हातातल्या तीन काड्यांचंच गणित आहे.

पुढे गुप्ताजींनी नोकरी कायमची सोडली. टाकाऊ वस्तूंपासून त्यांनी शेकडो खेळणी तयार केली. पुण्यात डॉ. जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या 'आयुका' संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिथे २००३ पासून सुमारे अकरा वर्षं ते रमले. वाचनाचा छंद दांडगा, म्हणून मुलांची कितीतरी पुस्तकं त्यांनी हिंदीत आणली आणि इंटरनेटवर सर्वांसाठी फुकट ठेवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

होशंगाबादचा तो उपक्रम मात्र २००२ साली सरकारने बंद केला. कुलूपबंद कपाटातल्या चकचकीत काचसामानाकडे लांबूनच बघणारी मुलं आजही अनेक शाळांत आहेत. त्यांचं काय?

आईबाबांनो, म्हणूनच थोडं तुमच्याशी. "एवढी आयआयटीची पदवी, वाया गेली!" असं वाटलं का? पण त्या रबरी नळीत सांधा दिसला, तो इंजिनिअरच्या नजरेलाच ना! तेव्हा मुलाने जुनं घड्याळ उघडलं, तर रागावण्याआधी "आत काय सापडलं रे?" एवढं विचारून बघा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी गृहपाठ: सहा काड्यांत चार त्रिकोण बनवा. टेबलावर सपाट ठेवून जमणार नाही हं! उत्तर पुढच्या आठवड्यात.