वैष्णोदेवीचं नाणं आणि दहा लाखांचं गाजर

परवा शेजारच्या काकू एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत वैष्णोदेवीची पाच रुपयांची तीन नाणी. मोबाईलवर जाहिरात पाहिली होती, ‘हे नाणं असेल तर दहा लाख’. फोन केला. समोरच्याने नाण्याचा फोटो मागवला, ‘मंजूर’ म्हणून कळवलं आणि आधी नोंदणी फी, मग जीएसटी, मग कसलंसं कमिशन असं करत साडेनऊ हजार काढून घेतले. पुढे फोन बंद. 1930 वर तक्रार केली आहे, बघू.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात आमचा संबंध नाही, आम्ही कुणाकडून फी घेत नाही. तरी जाहिराती चालूच. त्या दाखवून पैसे कमावणाऱ्या कंपन्यांना कुणी जाब विचारत नाही, माझा मुख्य राग तिथे आहे. काकूंना हावरट म्हणणाऱ्यांनी आधी हे बघावं.

आता नाण्याचं बोलू. वीस वर्षं हा नाद आहे म्हणून सांगतो. वैष्णोदेवीचं नाणं 2012 चं, भरपूर पाडलेलं, आजही सुट्ट्या पैशांत मिळतं. देवाचं चित्र असलं म्हणून भाव येत नाही. नुसतं जुनं असूनही येत नाही. किती पाडली, किती उरली, कुठल्या टांकसाळीची (तारखेखाली चौकट दिसली तर मुंबई, तारा असला तर हैदराबाद) आणि किती झिजली, यावर भाव ठरतो. राणीछाप रुपया शंभर वर्षांहून जुना, पण घरोघरी सापडतो. त्यात 11.66 ग्रॅम वजन आणि जवळपास 92 टक्के चांदी, म्हणून निदान चांदीचा भाव तरी मिळतो. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली, 1947 चा रुपया तर निकेलचा. उलट जॉर्ज सहाव्याचा 1939 चा रुपया त्यामानाने कालचा, पण इतका दुर्मिळ की त्याच्या नकलाच जास्त फिरतात.

आणि ते 1818 चं ‘कंपनी सरकारचं’ रामदरबार नाणं! कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. राजाचं डोकं असलेली तिची एकसारखी नाणी 1835 पासूनची. त्याआधीचे रुपये बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांत. ‘तांदूळ ओढतं’ म्हणून हेच नाणं लाखोंना गळ्यात मारतात.

गंमत म्हणजे खोट्या लाखांमागे धावताना खरं मात्र आपण मोडीत घालतो. शिवराया तांब्याच्या भावात गेल्या, वितळून भांडी झाली. उरलेल्या आपण दिवाळीला चिंचेने घासून चकचकीत करतो. संग्राहकाच्या लेखी तिथेच भाव पडतो, कारण वर्षानुवर्षं चढलेला तो काळपट थर आणि अक्षरांची धार एकदा गेली की परत येत नाही.

काकूंच्या डब्यात तळाशी कागदात गुंडाळलेलं एक जाड, काळं, वेडंवाकडं नाणं निघालं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ मधलं ‘राजा’ नीट वाचता येतं, दुसरीकडे ‘छत्र’ एवढंच. सासूबाईंचं, म्हणाल्या. भाव विचारला. झिजलेलं आहे, शेकड्यांतच जाईल, म्हटलं. काकू थोड्या हिरमुसल्या. “मग निदान घासून देवात ठेवते.”

देवात ठेवा, पण घासू नका, एवढं सांगून आलोय.